महिरपी कंसांवरून भांडण

मयूर विहार फेज वनला सकाळी नोएडाची ब्लू लाइन पकडायची, तर लॅपटॉपची सॅक पाठीवरून पोटाशी घ्यावी लागते. आम्ही तिघं मराठी त्या गर्दीत एकाच दांड्याला धरून उभे: एक जावावाला, एक पायथॉनवाली आणि सी प्लस प्लसवर पोसलेला मी. न्यू अशोक नगर येईस्तोवर ठिणगी पडलेली असते.

‘‘स्क्रीनवर नुसतं ‘नमस्कार’ छापायला तुला आधी क्लास काढावा लागतो, मग ते पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन. प्रोग्राम आहे की तहसीलदाराला अर्ज?’’

‘‘आणि तुझी एक स्पेस इकडची तिकडे झाली की अख्खा प्रोग्राम रुसतो, त्याचं काय?’’

जावानं अलीकडे ती कागदपत्रं बरीच कमी केली आहेत. टोमणा मात्र जुन्याच दरानं चालू आहे. एकदा ‘इनहेरिटन्स’वरून आवाज चढले, तेव्हा शेजारच्या आजोबांनी काळजीनं विचारलं, ‘‘बेटा, प्रॉपर्टी का मामला है क्या?’’

जावास्क्रिप्टवर तिघांचं एकमत. अवतरणचिन्हांत ठेवलेल्या ५ मध्ये ३ मिळवा, उत्तर ५३. त्याच ५ मधून ३ वजा करा, उत्तर २. हसून झालं की आठवतं, ब्रेंडन आइकनं १९९५च्या मे महिन्यात या भाषेचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं होतं. तेव्हाच्या काही गाठी आता सोडवताही येत नाहीत, कारण जगभरातली जुनी संकेतस्थळं त्याच गाठींवर लटकली आहेत. मला या थट्टेची गोडी लागली ती इथेच: टोमण्याचं टोक धरून मागे गेलं की कुणीतरी, कधीतरी घेतलेला निर्णय हाती लागतो. डेनिस रिचीनं सी लिहिताना प्रोग्रामरवर भरवसा टाकला; ॲरेची हद्द ओलांडली तरी भाषा अडवत नाही. त्या भरवशापायी मी किती रात्री जागलो ते घरचे सांगतील. गुइडो व्हॅन रॉसमनं महिरपी कंसांना रजा दिली, आणि खोडीही भाषेतच पेरून ठेवली गेली. पायथॉनला ‘फ्रॉम फ्यूचर इम्पोर्ट ब्रेसेस’ म्हणा, म्हणजे पुढेमागे तरी कंस द्याल का असं विचारा. उत्तर येतं, ‘नॉट अ चान्स’. एवढ्या कमी शब्दांत आमच्यापैकी कुणालाच कुणाचं तोंड बंद करता आलेलं नाही.

कोबोलची मात्र कुणी थट्टा करत नाही. १९५९ साली आकाराला येऊ लागलेली ती भाषा आजही कित्येक बँकांचे हिशेब सांभाळते, पण आमच्यापैकी कुणी तिच्यात काम केलेलं नाही. आणि जिच्यापायी झोप उडाली नाही तिच्यावर चांगला विनोद सुचत नाही. सी प्लस प्लसवरचे सगळ्यांत विखारी टोमणे म्हणूनच माझे. तेच दुसऱ्या कुणी मारले की मात्र मला झोंबतात.

हल्लीच जावावाल्यानं रस्ट शिकायला घेतली. मेमरीतल्या प्रत्येक वस्तूला एकच मालक, उसनं घेतलेलं मुदतीत परत, नाहीतर कंपायलर पुढे सरकूच देत नाही... नव्यानं माळ घातलेल्याचा उत्साह! सेक्टर १८ येईपर्यंत तो एकटाच बोलतो, आणि पायथॉनवाली नि मी एका बाजूनं भांडतो.