किती दिवस हाईस?

कोल्हापूरहून बेळगावच्या दिशेने निघालं की कागल मागे पडतं, दूधगंगेचा पूल लागतो आणि कोगनोळीच्या टोलनाक्यापाशी आपण कर्नाटकात आलेलो असतो. पुलाच्या दोन्ही बाजूंना ऊस तोच आणि हॉटेलातली मिसळही तीच. बदलतात त्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर. एमएच ०९ कमी होतात, केए २३ वाढतात. आणखी थोडं पुढे गेलं की निपाणी. तंबाखूची पेठ, बिडीचं गाव आणि माझं माहेर म्हणा, सासर म्हणा, सगळं तेच.

निपाणीत कुणी परगावाहून आलं, की "कधी आलास?" याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "किती दिवस हाईस?" दूधवाला विचारतो, कटिंगवाला विचारतो, समोरच्या काकू तर गॅलरीतूनच विचारतात. पूर्वी मी "आहे की पंधरा दिवस" असं सांगून मोकळा व्हायचो. यंदा बाबांच्या बायपाससाठी आलो आणि पाच महिन्यांहून जास्त राहिलो, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मलाच रोज मोबाईलवर मोजावं लागलं. कारण हाच प्रश्न कॅनडाचं सरकारही मला विचारणार आहे, फक्त उलट बाजूने.

आपल्या मंडळात बरीच घरं पीआरवर आहेत, म्हणून नियम जरा नीट सांगतो. पीआर टिकवायला पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात हजर असावं लागतं. ही पाच वर्षं ठरावीक नसतात, ती सरकती असतात. अधिकारी ज्या दिवशी तपासेल, त्या दिवसापासून मागे पाच वर्षं मोजतो. पीआर मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर उरलेल्या काळात ७३० दिवस भरू शकतील का, हे पाहतात. दिवसाचा काही भाग कॅनडात गेला, तरी तो पूर्ण दिवस धरतात. म्हणजे विमानाने निघालात तो दिवस आणि परतलात तो दिवस, दोन्ही तुमच्या खात्यात जमा.

दोन गैरसमज मला निपाणीत बसून आलेल्या फोनांवरच कळले. पहिला असा की, कार्डाची मुदत संपली म्हणजे पीआर गेला. तसं नाही. कार्ड हा फक्त पुरावा आहे. दर्जा आपोआप जात नाही, त्यासाठी रीतसर निर्णय व्हावा लागतो. दुसरा असा की, भारतातून लॅपटॉपवर कॅनडाच्या कंपनीचं काम केलं तर ते दिवस धरले जातात. कंपनीने तुम्हाला पूर्णवेळ कामावर बाहेर नेमलं असेल, तर सवलत आहे. नागरिक असलेल्या नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर बाहेर राहिलात, तरी आहे. पण आपल्या सोयीने निपाणीच्या माडीवरून मीटिंगा केल्या, तर ते दिवस बाहेरचेच. आणि आईवडिलांच्या आजारपणासाठी राहिलेले दिवसही त्या सवलतीच्या यादीत नाहीत. दिवस कमी पडले, तर माणुसकीच्या कारणावरून विचार करा, अशी विनंती करता येते. पण ती विनंती आहे, हक्क नाही.

दिवस मोजून माणसाला आत किंवा बाहेर ठरवणं, हे आमच्या भागाला नवीन नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. आदल्या दिवसापर्यंत मुंबई राज्यात असलेले आमचे आजोबा सकाळी म्हैसूर राज्यात उठले. पुढे १९७३ मध्ये त्याचं कर्नाटक झालं. आजोबा या सगळ्यात गाव सोडून कुठेच गेले नव्हते. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार या पट्ट्यातल्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे आणि तो खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

खटला दिल्लीत असला, तरी त्याची कागदपत्रं आमच्या घरात सापडतात. माझ्या आतेभावाला महाराष्ट्र सरकारच्या भरतीचा अर्ज भरायचा होता. त्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना अर्ज करता येतो, पण गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा दाखला जोडावा लागतो. त्याच घरात त्याची धाकटी बहीण कर्नाटकच्या सीईटीची तयारी करते. तिथे कर्नाटकात किमान सात वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. पलीकडेही तसंच. महाराष्ट्रातल्या जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज तालुक्यांतल्या कन्नड मुलांसाठी कर्नाटकाने प्रवेशात वेगळी तरतूद ठेवली आहे. आत्याच्या टेबलावर दोन राज्यांचे दोन दाखले एकाच प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये होते. शेजारी माझा जुना आणि नवा पासपोर्ट. आत्या म्हणाली, "सगळ्यांनी आपापले दिवस मोजा आणि मग जेवायला बसा."

बाबा चालायला लागल्यावर तपासणीसाठी आम्ही बेळगावला गेलो. तवंदी घाट उतरून संकेश्वर, मग हत्तरगी. याच रस्त्याने मी बीईची चार वर्षं दर शनिवारी घरी यायचो. टिळकवाडीत डॉक्टरांकडे काम झालं आणि बाबांना खडेबाजार बघायची हुक्की आली. कुंदा खायला डॉक्टरांनी बंदी केलेली, म्हणून तो त्यांनी आईसाठी घेतला आणि वाटेत वास घेत बसले.

परतीच्या वाटेवर मी त्यांना माझा हिशेब सांगितला. पीआर मिळून यंदा पाच वर्षं झाली. पहिले चौदा महिने नोकरीसाठी बेंगळुरूतच होतो, ते साधारण ४१५ दिवस. मधल्या सुट्ट्या ९०. यंदाचे १६०. एकूण ६६५ दिवस बाहेर. पाच वर्षांतून ७३० वजा केले, तर साधारण १०९५ दिवस बाहेर राहता येतं. म्हणजे अजून ४३० शिल्लक. मी म्हटलं, "सांभाळून ठेवायला पाहिजेत, पुढे अडीनडीला लागतील."

बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मग आम्ही आजारी पडायची वाट बघणार हाईस व्हय?"

मला काही बोलता आलं नाही. पण खरं तेच होतं. आपण हा नियम भीतीने वाचतो. तो असंही सांगतो की, पाचांतली तीन वर्षं तुम्ही बाहेर राहू शकता. अमेरिकेतल्या आपल्या मित्रांना एवढी मोकळीक नाही. ग्रीनकार्डवर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की प्रश्न विचारतात, आणि वर्षाहून जास्त राहायचं तर निघण्याआधीच रीएंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. जर्मनीत तर साधारण सहा महिने बाहेर राहिलं की दर्जाच जाऊ शकतो. आपण मात्र मिळालेले दिवस आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर खर्च करायला राखून ठेवतो.

नागरिकत्व घेतलं की हे मोजणं संपतं. त्यासाठी पाच वर्षांत १०९५ दिवस कॅनडात लागतात, आणि माझ्या हिशेबाने तेवढे भरलेही आहेत. पण भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो. ओसीआय कार्डावर येणं-जाणं आयुष्यभर होतं, पण मत देता येत नाही. शेतजमीन वारसाने आली तर ठेवता येते, विकत घेता येत नाही. विकत घेण्याची बंदी तर परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही आहे. तेव्हा जमिनीपेक्षा मताचा प्रश्न मोठा. निपाणीत मत म्हणजे काय, हे बाबांच्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. या निर्णयाला आम्ही अजून वेळ देणार आहोत.

तोवर आम्ही दोघांनी एक ठरवलंय. दर वर्षी ६० दिवस, सुट्टी आणि बिनपगारी रजा मिळून, दिवाळी धरून. पाच वर्षांचे होतात ३००. जुने बेंगळुरूचे दिवस हळूहळू मागे सरकतील, तशी शिल्लक वाढेल. आजारपणासाठीही काही उरतील. जाण्या-येण्याच्या तारखा, बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के एका फाइलमध्ये ठेवतोय. तुम्हीही ठेवा. आणि तिकीट काढण्याआधी आपापल्या देशाचा चालू नियम सरकारी संकेतस्थळावर बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

पुढच्या वर्षीचं कालनिर्णय अजून घरात आलेलं नाही. तरी आईने आमच्या येण्याची तारीख दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवली आहे, आणि खाली दोन लिटर जास्त असंही.