एक मूळ प्रत, चोवीस संगणक

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा माझ्याकडून इतिहासाच्या अध्यापनाविषयी काही यावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी इतिहासाचा एम. ए.; आयुष्य सनावळ्या, शिलालेख आणि चळवळींची कागदपत्रे यांच्या सहवासात गेले. तरीही गेल्या काही वर्षांत ज्या कामाने मला सर्वाधिक विचार करायला लावला, ते काम आपल्या शाळेच्या संगणक कक्षातले आहे. संगणकाचा पूर्णवेळ शिक्षक नसल्यामुळे त्या कक्षाची किल्ली माझ्याकडे आली, आणि किल्लीबरोबर जबाबदारीही आली.

नागपूरच्या एका कार्यालयाने वापरातून काढलेले 24 संगणक 2019 मध्ये शाळेला दान मिळाले. दान देणाऱ्यांचे उपकार मानूनच लिहितो की ती यंत्रे आमच्याकडे त्यांचे पूर्वायुष्य घेऊन आली होती. पडदा उजळला की त्या कार्यालयाचे बोधचिन्ह दिसे. आत हिशेबाच्या आज्ञावली होत्या, मराठीचा कळफलक मात्र एकाही यंत्रावर नव्हता. आणखी एक गंमत अशी की चोवीसही यंत्रांचे नाव एकच होते. स्वतंत्र असताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. एका जाळ्यात जोडताच मात्र यंत्रे परस्परांच्या ओळखीवर हरकत घेऊ लागतात. एकाच नावाची दोन मुले वर्गात असली की हजेरीच्या वेळी जे होते, तेच.

असे का झाले असावे, याचा उलगडा पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने फोनवर केला. मोठ्या कार्यालयांत प्रत्येक संगणक स्वतंत्रपणे कुणी तयार करीत नाही. एक यंत्र आदर्श म्हणून निवडतात. त्यावर कार्यप्रणाली, आज्ञावली, फॉन्ट, खाती, सर्व काही हवे तसे मांडतात. मग त्या यंत्राच्या हार्ड डिस्कची, तिच्या विभागांसह आणि यंत्र सुरू होण्याच्या व्यवस्थेसह, हुबेहूब नक्कल करून बांधून ठेवतात. या गाठोड्याला ‘इमेज’ म्हणतात. ते गाठोडे दुसऱ्या यंत्रावर उलगडले की पहिल्याचे जुळे भावंड तयार होते. मात्र नक्कल घेण्यापूर्वी मूळ यंत्राची वैयक्तिक ओळख पुसावी लागते. विंडोजमध्ये त्यासाठी ‘सिसप्रेप’ नावाचे साधन आहे, लिनक्समध्ये यंत्राचे नाव, ओळख क्रमांक आणि जोडणीच्या किल्ल्या काढून टाकाव्या लागतात. ही पायरी गाळली की सर्व प्रतींच्या कपाळी एकच नाव गोंदले जाते.

“सर, आपण आपली इमेज बनवू या,” तो म्हणाला. ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा सातवीतल्या एका मुलाने निरागसपणे विचारले, “कोणाची इमेज जी सर? बाबासाहेबांची?” वर्ग हसला. तेव्हापासून मी ‘मूळ प्रत’ हा शब्द वापरतो.

हा शब्द सुचण्याचे कारण माझा विषय. सम्राट अशोकाच्या लेखांकडे आपण एरवी धम्मनीतीचा ठेवा म्हणून पाहतो. एका मोठ्या राज्ययंत्रणेने एकच मजकूर अनेक ठिकाणी कसा पोहोचवला, या दृष्टीनेही ते वाचावेत. मजकूर मध्यवर्ती ठिकाणी सिद्ध होई आणि प्रांतोप्रांती जाई. आपल्या सोपाऱ्याला तो ब्राह्मीत कोरला गेला, शाहबाजगढी आणि मानसेहरा येथे खरोष्ठीत. कंदाहारला तर ग्रीक भाषेत. कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगड येथे, अकरा ते तेरा क्रमांकाचे लेख गाळून त्यांच्या जागी दोन स्वतंत्र लेख घातले आहेत. कलिंगयुद्धातील संहाराचे वर्णन करणारा तेरावा लेख खुद्द कलिंगवासीयांपुढे मांडलेला नाही. मूळ प्रत एकच, पण स्थळ पाहून केलेले फेरफार जाणीवपूर्वक. चौदाव्या लेखात तर राजा स्वतःच सांगतो की मजकूर कुठे संक्षिप्त आहे, कुठे विस्तृत. आणि लेखकाच्या चुकीने कुठे अपुराही राहिला असेल.

याहून बोलके उदाहरण कर्नाटकातील ब्रह्मगिरीचे. तेथील लघुशिलालेखाच्या आरंभी सुवर्णगिरीच्या राजपुत्राने आणि महामात्रांनी इसिला येथील महामात्रांना आरोग्य चिंतिले आहे. हे वास्तविक सोबत आलेले कार्यालयीन पत्र. प्रजेसाठी असलेल्या मजकुराबरोबर तेही दगडावर चढले आणि बावीसशे वर्षे तेथेच राहिले. आमच्या चोवीस यंत्रांवरचे बोधचिन्ह पाहताना मला तो ब्रह्मगिरीचा नमस्कार आठवे.

मूळ प्रत करायची ठरल्यावर पहिला प्रश्न तांत्रिक होता आणि तो लवकर सुटला. यंत्रे जुनी, त्यांची स्मृती अवघी 4 जीबी. म्हणून डेबियनवर आधारलेली, हलकी, मुक्त प्रणाली घेतली. परवान्याचा खर्च नाही आणि बदल करण्यास मज्जाव नाही. शाळांसाठी अशी प्रणाली घडवणे नवे नाही. सी-डॅकने 2007 मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांचा आधार असलेली प्रणाली आणली. केरळने तर हे काम राज्याच्या पातळीवर केले. 2001 मध्ये सुरू झालेल्या शालेय प्रकल्पाचे 2017 मध्ये ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले आणि तिने मल्याळम माध्यमाच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून स्वतःची लिनक्स आवृत्ती शाळांना दिली. महाराष्ट्रात असे का होऊ नये, हा प्रश्न मी अनेक बैठकांत विचारला आहे. येथे त्याचा पुनरुच्चार करून जागा अडवत नाही.

दुसरा प्रश्न मात्र वादाचा ठरला. यंत्राची भाषा कोणती ठेवायची? माझा आग्रह मराठीचा. पालकसभेत एक वडील उठले. दिवसभर धानाच्या राईस मिलमध्ये हमाली करणारा तो माणूस शांतपणे म्हणाला, “सर, मराठी आमच्या घरी आहे. पोरगी इथं इंग्रजीसाठी टाकली.” सभेत बराच वेळ कुणी बोलले नाही. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ मराठीत चालवले, आणि जगाशी वाद घालताना इंग्रजी वापरली. दोन्ही दाखले माझ्याजवळ होते, पण त्या बापापुढे दाखले देणे मला योग्य वाटले नाही. त्याच्या म्हणण्यात तीन पिढ्यांचा अनुभव होता.

मग आम्ही मराठी पडदा प्रत्यक्ष मुलांपुढे ठेवून पाहिला. भाषांतरकारांनी मोठ्या निष्ठेने काम केले आहे, यात शंका नाही. परंतु ‘फाईल’ला ‘संचिका’ किंवा ‘धारिका’ म्हटले की लाखांदूर-पवनीकडच्या मुलाला ती इंग्रजीहून परकी वाटते. ‘फाईल’ त्याने तहसील कचेरीत ऐकलेली असते, ‘संचिका’ कुठेच नाही. शुद्ध मराठीच्या नावाखाली आपण पुन्हा एकदा मुलांपुढे न कळणारी पोथी ठेवतो की काय, असे मला वाटून गेले. शेवटी ठरले ते असे: पडद्यावरील सूचना इंग्रजीत, लेखन मराठीत आणि इंग्रजीत, एका कळीने भाषा बदलणारी. कळफलक इनस्क्रिप्ट, कारण शासनाने 1986 पासून प्रमाण केलेली ही रचना सर्व भारतीय लिप्यांना समान आहे आणि तिच्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असल्याने मुले ती लवकर शिकतात. टंकलेखन यंत्राच्या धर्तीवरचे जुने फॉन्ट मात्र मूळ प्रतीत घेतले नाहीत. त्यांत लिहिलेला अर्ज दुसऱ्या यंत्रावर उघडला की अर्थहीन अक्षरांचा ढीग दिसतो. युनिकोडमध्ये लिहिलेले कुठेही वाचता येते.

फॉन्ट तपासण्यासाठी मी चार शब्दांची कसोटी ठरवली: ‘वऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘बाळ’ आणि ‘ॲल्युमिनियम’. पहिल्या दोहोंत मराठीचा खास अर्धा ऱ आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले, त्यामुळे त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये तेथे रिकामा चौकोन उमटतो. लोहित, नोटो आणि मुक्त हे फॉन्ट कसोटीला उतरले. मुलांना ही परीक्षा इतकी आवडली की नवा फॉन्ट दिसला की ती आधी ‘वऱ्हाड’ लिहून पाहतात. सोबत शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड घातले, आणि ‘किविक्स’ या आज्ञावलीतून मराठी विकिपीडिया, म्हणजे इंटरनेट नसले तरी वाचता यावा. आमच्याकडे ते बहुधा नसतेच.

आता ज्या घटनेमुळे या कामाला माझ्या लेखी खरे वजन आले, ती सांगतो. दानाची यंत्रे येण्यापूर्वी कक्षात पाच जुने संगणक होते. आठवीतील एका विद्यार्थिनीने त्यांपैकी एकावर आपल्या आजीच्या विडीकामाविषयी लिहिले होते. तेंदूची पाने भिजवणे, कातरणे, हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी, ठेकेदार खराब म्हणून बाजूला काढतो त्या विड्या, आजीच्या बोटांना पडलेले घट्टे. पंधरा दिवस, रोज जेवणाच्या सुटीत, एका बोटाने कळा दाबत. आपल्या जिल्ह्याच्या अनेक घरांचा हा इतिहास. तो कुठल्या पाठ्यपुस्तकात मी वाचलेला नाही. दिवाळीच्या सुटीत दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने यंत्र ‘फॉरमॅट’ केले. त्याच्या दृष्टीने काम चोख झाले होते. यंत्र वेगाने चालत होते. सुटीनंतर ती मुलगी फोल्डर शोधत राहिली. ती रडली नाही. “जाऊ द्या सर” म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. आमच्या लोकांचे लिहिलेले असे किती पुसले गेले असेल, हे इतिहासाच्या माणसाने वेगळे सांगायला नको.

मूळ प्रतीचा स्वभावच असा असतो की ती पुन्हा उलगडली की खालचे सर्व पुसून टाकते. म्हणून माजी विद्यार्थ्यापुढे मी एकच अट घातली: यंत्र शंभर वेळा नवे करा, पण मुलांच्या लेखनाला हात लागता कामा नये. त्याने डिस्कचे दोन भाग केले. एकात प्रणाली, दुसऱ्यात मुलांचे लेखन. मूळ प्रत फक्त पहिल्या भागावर उलगडते. प्रत्येक यंत्रावर सहा खाती, म्हणजे 144 मुले, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. शनिवारी दुसऱ्या भागाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली जाते आणि ती डिस्क मुख्याध्यापकांच्या कपाटात, दाखलखारिज रजिस्टरशेजारी असते. त्या मुलीने पुढे तो लेख पुन्हा लिहिला. पहिला अधिक चांगला होता, असे तिचे मत आहे.

प्रती काढण्यासाठी आम्ही ‘क्लोनझिला’ वापरतो. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेले हे मुक्त साधन डिस्कचा केवळ वापरलेला भाग उचलते, म्हणून आमचे गाठोडे 9 जीबीतच बसले. आमच्या जुन्या जोडणीवरून एवढा मजकूर एका यंत्रावर जायला किमान बारा मिनिटे लागतात. एकामागून एक चोवीस यंत्रे म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि तेवढा वेळ सलग वीज राहील याची हमी उन्हाळ्यात कोण देणार? त्यावर उपाय श्रुतलेखनाचा. एक यंत्र मजकूर एकदाच पाठवते आणि सर्व यंत्रे एकाच वेळी उतरवून घेतात. वर्गाप्रमाणेच येथेही सर्वात हळू लिहिणाऱ्यासाठी सर्वांना थांबावे लागते. आमच्याकडे एक यंत्र असे आहे. त्याला काढून टाकावे, असे मुलांनी सुचवले होते. मी मान्य केले नाही, पण त्याची केबल बदलल्यावर ते बरेच सुधारले.

उलगडल्यानंतर प्रत्येक यंत्राला स्वतःचे नाव द्यावे लागते. मुलांनी क्रमांक नाकारले. नालंदा, तक्षशिला, विक्रमशिला, वलभी, सोपारा अशी नावे पडली. पवनीचे नाव अर्थातच आले. 1969-70 च्या उत्खननात जेथे स्तूप सापडला ती पवनी आपल्याच जिल्ह्यातली. त्यामुळे “सर, नालंदा बंद पडली”, “तक्षशिलेचा माउस चालत नाही” अशा तक्रारी मला दिवसभर ऐकाव्या लागतात, आणि खरे सांगायचे तर त्या ऐकायला बरे वाटते.

सर्व यंत्रे सारखी झाल्याचा एक परिणाम आम्ही योजला नव्हता. पूर्वी कक्षात एक ‘चांगला’ संगणक असे आणि त्यापुढे ठरावीक मुलेच बसत. बोलकी, धीट, पुढच्या बाकावरची. आता तसा संगणकच उरला नाही.

मूळ प्रतीची एक वही आहे. कोणत्या तारखेला काय घातले, काय काढले आणि का, हे तीत हाताने लिहिलेले असते; आवृत्तीचे नाव म्हणजे तीच तारीख. नववीतील दोन विद्यार्थिनी आता हे काम माझ्याशिवाय करतात. येत्या उन्हाळ्यातील आवृत्तीसाठी त्यांची यादी तयार आहे: नवा मराठी विकिपीडिया, छपाईयंत्राची जुळणी, भूमितीची आज्ञावली. खेळ ठेवावेत की नाही, यावर मात्र त्यांचे आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांचे एकमत झालेले नाही. बुद्धिबळाला अधीक्षकांची हरकत नाही. गाड्यांच्या शर्यतीला आहे. वहीत त्या ओळीपुढे सध्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेले आहे.