हापसालूची शाल

एस्टोनियातील हापसालू या समुद्रकाठच्या गावी आम्ही जुलैत गेलो होतो. १८२५ साली येथे चिखलस्नानाचे उपचारगृह निघाले आणि उन्हाळी पाहुण्यांमुळे येथील जाळीदार लोकरी शालींचा लौकिक वाढला. आमच्या यजमानीणबाई सफरचंदाच्या झाडाखाली विणत बसत. एका टाक्यातून सात टाके काढायचे, परतीच्या ओळीत ते एकत्र गुंफायचे, की मोत्याएवढी गाठ उमटते. किनार निराळी विणून शेवटी जोडायची. एवढी मोठी शाल अंगठीतून आरपार जाते!

आम्ही किंमत विचारली. “ही लेकीसाठी आहे,” बाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी बागेतल्या लाल, आंबट फळांची वाटी पुढे केली.

घरी परतताच पेटीतले आईचे क्रोशाचे रुमाल बाहेर काढले. त्यांत गुंफलेल्या दुपारी आम्ही कधी मोजल्याच नव्हत्या.