वाटणी सापडत नाही

तर झालं असं. मागच्या महिन्यात मीटिंग चालू असताना साताऱ्याहून बाबांचा फोन. "अरे, कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलंय. वाटणीचं आहे."

"वाटणीचं?"

"हो. नो सच पार्टिशन."

बाबांची सगळी नोकरी कोर्टात कारकुनी करण्यात गेली. पार्टिशन म्हटलं की त्यांना वाटणीचे दावेच आठवणार! मला हसू आलं, पण पुढचं वाक्य ऐकून ते पळालं. "दुकानातला मुलगा आलाय. म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल."

त्या डिस्कवर आजीच्या ओव्या होत्या. ती सांगायची, बाबा टाइप करायचे. दोन वर्षं चाललं होतं. आजी आता नाही. आणि बॅकअप? विचारू नका.

"त्याला म्हणावं, हात लावू नकोस. मी शनिवारी येतोय."

मुळात चूक माझीच. त्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोजच्या शेजारी हौसेनं लिनक्स मीच टाकलं होतं. जागा हवी म्हणून चुलतभावानं ते पार्टिशन उडवलं. डिस्कच्या सुरुवातीला बसलेला ग्रब मात्र तसाच राहिला आणि आपलं उरलेलं सामान शोधत बसला. ओव्या विंडोजच्या पार्टिशनमध्ये सुखरूप होत्या. पेनड्राइव्हवरून बूट करून विंडोजचा बूट कोड परत लिहिला. दहा मिनिटांचं काम.

परतीच्या एसटीत डोक्यात किडा वळवळायला लागला. हा मेसेज मराठीत का नाही? ग्रबमध्ये भाषांतराची सोय तर आहे. पण मेख अशी की भाषांतराच्या फाइली आणि फॉन्ट नेमके त्याच पार्टिशनमध्ये असतात, जे सापडत नाहीये!

बरं, मग मेसेज आधीच्याच कोडमध्ये कोंबावा? जुना बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर उचलतो. त्यात कोडला जागा मिळते जेमतेम ४४६ बाइट. 'नो सच पार्टिशन' इंग्रजीत १७ बाइटांत बसतं. 'पार्टिशन सापडत नाही' यूटीएफ-८ मध्ये ५३ बाइट खातं. शिवाय टेक्स्ट मोडच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. एका अक्षराचं ८ बाय १६ चं चित्र म्हणजे १६ बाइट, म्हणजे कोडची एक ओळही न लिहिता जास्तीत जास्त २७ चित्रं. जोडाक्षरं राहूच द्या. त्यात 'र्टि' बघा: रफार डोक्यावर, वेलांटी आधी. हे जुळवायचं कोणी? ग्रबच्या पुढच्या टप्प्यात जागा जरा ऐसपैस असते, बाबांचा मेसेज तिथलाच होता. पण अक्षरं जुळवायची पंचाईत तिथेही तीच. डॉसच्या काळात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलेलं जिस्ट कार्ड होतं. भारतीय लिप्या दाखवायला तेव्हा चक्क वेगळं हार्डवेअर लागायचं!

नव्या मशिनांवर यूईएफआय आहे. त्यात अनेक भाषांतले मेसेज ठेवायची सोय आहे. म्हणजे बाइटांची रड बरीचशी संपली. पण समजा, उद्या तिथे 'विभाजन अस्तित्वात नाही' असं शुद्ध मराठीत झळकलं, तर बाबांना काय कळलं असतं? वाटणीच्या जागी विभाजन, एवढंच. त्या क्षणी त्यांचा प्रश्न एकच होता: माझं काही गेलं का? त्याचं उत्तर त्या मेसेजमध्ये इंग्रजीतही नव्हतं. लिहिणाऱ्यानं तो दुसऱ्या प्रोग्रामरसाठी लिहिला होता. आपणही रोज तेच करतो. माझ्याच कोडमध्ये 'इनव्हॅलिड स्टेट' किती ठिकाणी आहे, ते सोमवारी मोजलं. आकडा सांगत नाही :-)

असो. साताऱ्याहून निघण्यापूर्वी ओव्यांच्या दोन कॉप्या काढल्या आणि मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली: 'काळ्या स्क्रीनवर काहीही आलं तरी घाबरायचं नाही. फॉरमॅट मारु द्यायचा नाही. मला फोन करायचा.' जागा शून्य बाइट, आणि डिस्क गेली तरी दिसते.

परवा बाबांनी तिचा फोटो पाठवला. 'मारु'तला उकार लाल पेननं दीर्घ केला होता.