घ्यायला कोणीतरी यायला हवं

दहावी-बारावीचे निकाल लागले. आता महिना-दोन महिने आसनगाव स्टेशनवर आणि मुरबाडच्या एसटी स्टँडवर तेच चित्र दिसेल. पाठीला बॅग, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दाखले, सोबत कामाचा खाडा करून आलेले वडील. कोणी कल्याणला निघालंय, कोणी ठाण्याला, कोणी पुण्याला. ही पोस्ट त्या पोरांसाठी आहेच, पण त्याहून जास्त आधी शहरात गेलेल्या आपल्यासारख्यांसाठी आहे.

मी धसईकडचा. इंजिनिअरिंगला असताना एक सेमिस्टर जर्मनीत, ड्रेस्डेनला शिकून आलो. गावाकडं अजून विचारतात, "परदेशात पहिल्यांदा गेलास तेव्हा भीती नाय वाटली?" खरं सांगू? वाटली, पण एका दिवसापुरती. अकरावीला कल्याणला आलो तेव्हाची भीती मात्र सहा महिने गेली नव्हती.

ड्रेस्डेनला रविवारी संध्याकाळी उतरलो. तिकडं रविवारी दुकानं बंद, ऑफिसं बंद. पण स्टेशनवर माझ्या नावाचा कागद घेऊन एक मुलगी उभी होती, माझ्याच विभागात एक वर्ष पुढं. खोलीची चावी तिनं शुक्रवारीच ऑफिसातून आणून ठेवली होती. पिशवीत पाव, दूध, अंडी. सोमवारी ती मला महापालिकेच्या कार्यालयात घेऊन गेली, कारण नव्या पत्त्याची नोंद दोन आठवड्यांत करावी लागते. मग विमा, मग बँक. युनिव्हर्सिटीनं पहिल्या आठवड्याची यादीच हातात दिली होती: कुठल्या दिवशी, कुठल्या खोलीत, कुठला कागद. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यानं यंदाच्याला सांभाळायचं, अशी त्यांची पद्धतच आहे. त्यात माझी हुशारी काहीच नव्हती.

आणि कल्याण? कॉलेज सुरू झालं तरी वसतिगृहाची यादी लागली नव्हती. दीड महिना उल्हासनगरला मावशीच्या एका खोलीत सहावा माणूस म्हणून राहिलो. शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठल्या खिडकीवर, हे कळायला दिवाळी उजाडली. माझ्यासोबत आलेले दोघं त्याच दिवाळीला घरी गेले ते परत आलेच नाहीत. दोघंही गणितात माझ्या पुढं होते.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण बघा. कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. वय १८. तेव्हा त्यांना घ्यायला रोझेल गावच्या कार्पेंटरबाई आल्या होत्या. ना नात्याच्या, ना देशाच्या. एका मासिकात छापलेला पत्रव्यवहार वाचून त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं होतं, तेवढीच ओळख. फिलाडेल्फियाचं कॉलेज सुरू होईपर्यंत आनंदीबाई त्यांच्याच घरी राहिल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. जिद्द आनंदीबाईंचीच, पण दार उघडणारं माणूस समोर होतं.

पैसा लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पण योजना आहेत. वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम योजना आहे, अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार आहे. परदेशात पूर्ण पदवी घ्यायची तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाचीही आहे. प्रकल्प कार्यालय तर आपल्या शहापुरातच आहे. पण डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरच्या पोरीला हे सांगणार कोण? तिच्या घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. अर्ज करायचा कधी, जात पडताळणी कशी, उत्पन्नाचा दाखला कुठल्या वर्षाचा, सगळं तिनं एकटीनं शोधायचं. आणि नाही जमलं की आपण म्हणणार, पोरांना शिकायचंच नाही.

भातसा, तानसाचं पाणी आपण मुंबईला पोचवतो. आपली पोरं कॉलेजात नीट पोचतात का, हेही आता बघायला हवं.

मला संस्था काढायची नाही, बॅनर नको, सत्कार तर नकोच. कल्याण, ठाणे, मुंबई, पुण्यात राहणाऱ्या प्रत्येक शहापूर-मुरबाडकरानं या जूनमध्ये एका पोराचा किंवा पोरीचा एक दिवस सांभाळायचा. स्टेशनवर जायचं, कॉलेज दाखवायचं, फॉर्मची खिडकी दाखवायची, स्वस्त खानावळ दाखवायची, आपला नंबर द्यायचा. आठ दिवसांनी एक फोन करायचा, "जेवण मिळतंय ना?" विचारायला. पोरगी असेल तर आपल्या ताया-वहिनींनी पुढं यावं, म्हणजे घरचेही निर्धास्त राहतील.

शाळेतल्या सरांना, मॅडमना विनंती: यंदा कोण कुठं चाललंय, एवढं आम्हाला कळवा. बाकीच्यांनी फक्त आपलं शहर आणि मोकळा वार खाली लिहा. जोड्या लावायचं काम माझं.