पल्ला

‘पल्ला’ हा आपल्या भाषेतील मोठा कामाचा शब्द आहे. धान्य मोजण्याच्या एका जुन्या मापाला पल्ला म्हणत, आणि चालून जाण्याच्या अंतरालाही पल्लाच म्हणतात. बंदुकीच्या गोळीला पल्ला असतो, तसा गवयाच्या आवाजालाही असतो. जवळ किती आहे आणि ते कुठवर पुरेल, हे दोन्ही प्रश्न या एका शब्दात सामावतात. चौतीस वर्षे मी मराठी शिकवले. परंतु या शब्दाची खरी ओळख मला झाली ती सेवानिवृत्तीनंतर, विजेवर चालणाऱ्या एका छोट्या मोटारीत बसून.

आम्ही चौघे मित्र. तिघे लातूरचे, एक नांदेडचा. मी भाषेचा शिक्षक, दुसरा चित्रकलेचा. तिसऱ्याने विजेची यंत्रे दुरुस्त करण्यात हयात घालवली, चौथ्याने बँकेत. दोन-तीन वर्षांच्या अंतराने आम्ही सारे निवृत्त झालो. निवृत्त माणसाने काय करावे याविषयी समाजाची मते ठाम असतात : सकाळी फिरावे, दुपारी निजावे, संध्याकाळी नातवंडांना बागेत न्यावे. आम्ही हे सारे काही महिने निष्ठेने केले. मग एके दिवशी चित्रकार म्हणाला, “शाळेच्या सहली घेऊन आपण वेरूळला दहा वेळा गेलो. आपल्या जिल्ह्यातली लेणी किती वेळा पाहिली?” उत्तर कोणाजवळच नव्हते. आमच्या कलायात्रांचा प्रारंभ या प्रश्नातून झाला.

वाहन अभियंता मित्राचे. त्याने जुन्या बाजारातून विजेवर चालणारी, दोन दारांची एक मोटार घेतली होती. आज अशा गाड्या रस्तोरस्ती दिसतात. परंतु २००८-०९ च्या सुमारास लातुरात ती गाडी थांबली की भोवती माणसे जमत. “पेट्रोल कुठं टाकता?” हा पहिला प्रश्न, आणि “मग आवाज का येत नाही?” हा दुसरा. वास्तविक ही कल्पना नवी नव्हती. १८९९ साली फ्रान्समध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी मोटार विजेवरच चालली होती. पुढे १९१२ मध्ये पेट्रोलची गाडी हँडल न फिरवता, कळ दाबून सुरू करण्याची सोय आली. पेट्रोल स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे झाले, आणि विजेची मोटार मागे पडली. आपल्या देशात १९९३ मध्ये ‘लव्हबर्ड’ नावाची एक छोटी विद्युत मोटार लोकांसमोर आली. त्यानंतर २००१ मध्ये बंगळुरूची ‘रेवा’ बाजारात आली. त्या पिढीतील गाड्यांत शिसे व आम्ल यांच्या जड बॅटऱ्या असत. घरातील पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर लावून ठेवले की साधारण ८० किलोमीटरचा प्रवास पदरात पडे.

आता हा हिशेब पाहा. ८० किलोमीटर याचा अर्थ ४० जाण्याचे आणि ४० परतीचे. लातूर ते नांदेड हे अंतर सव्वाशे किलोमीटरहून अधिक. म्हणजे नांदेडचा मित्र आमच्या पल्ल्याबाहेरच होता, तो एस. टी.ने लातूरला येई आणि मग आम्ही निघत असू. मागची आसने मुलांसाठीच केलेली असल्यामुळे चौघांना एका वेळी बसता येत नसे. दोघे मोटारीत आणि दोघे मागून दुचाकीवर, अशी आमची वरात निघे. त्यात तो काळ भारनियमनाचा. वीज कोणत्या गावात किती ते किती असते, याची टिपणे अभियंत्याच्या खिशातील डायरीत असत. परतीसाठी वीस किलोमीटरची शिल्लक ठेवल्याशिवाय तो कोणत्याही गावाला होकार देत नसे.

या अडचणीने आम्हांला एक गोष्ट दिली. खरोश्याला जायचे तर वाटेत औशाला थांबणे भाग होते. तेथे ओळखीच्या एका पिठाच्या गिरणीत आम्ही गाडीची वायर जोडत असू. वीज भरेपर्यंत तीन-चार तास हाताशी राहत. त्या तासांत औशाचा भुईकोट किल्ला आम्ही इतक्या वेळा आणि इतक्या सावकाश पाहिला, की पेट्रोलच्या गाडीतून गेलो असतो तर त्याच्या तटाकडे खिडकीतून पाहून पुढे निघून गेलो असतो. दळण घेऊन आलेल्या बायाबापड्यांशी बोलणे होई. चित्रकार त्यांची रेखाटने करी. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया कशा काढाव्यात, हा त्याच्या एका संपूर्ण दुपारचा विषय झाला होता. मोजून वापरणे लातूरकरांना तसेही नवे नाही. पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेव्हा घागरीघागरीचा हिशेब ठेवणारे हेच गाव होते.

खरोश्याची लेणी साधारणतः सहाव्या-सातव्या शतकातील मानली जातात. संख्या बारा. वेरूळच्या काळ्या कातळाची सवय झालेल्या डोळ्यांना येथे प्रथम निराशा वाटते, कारण ही लेणी जांभ्याच्या दगडात कोरलेली आहेत. हा दगड सच्छिद्र. त्यात बारीक नक्षी टिकत नाही. नरसिंह, कार्तिकेय, शिवपार्वती ओळखू येतात ते चेहऱ्यांवरून नव्हे, तर देहांच्या ढबीवरून. चित्रकार त्या झिजलेल्या मूर्तींसमोर तासभर बसून राहिला. उठताना म्हणाला, “नाकडोळे गेले तरी माणूस उभा कसा राहिला होता तेवढं उरतंय बघा.” त्या वेळी आम्हांला हे वाक्य दगडाविषयीचे वाटले.

त्यानंतर निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिरात एक गोष्ट लक्षात आली. हे त्रिदल मंदिर. एका मंडपाला तीन गाभारे. आत हरगौरीची देखणी मूर्ती, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी. मंडपातून फिरताना चित्रकाराचा खांदा दोनदा खांबाला लागला. समोरची मूर्ती तो नीट पाहत होता. परंतु बाजूने येणारा माणूस त्याला दिसत नव्हता. लातुरात परतल्यावर तपासणी झाली. काचबिंदू निघाला. या आजारात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी मज्जा हळूहळू निकामी होते. दृष्टी बहुधा कडेकडून जाते, म्हणून पुष्कळ दिवस माणसाच्या ध्यानातही येत नाही. आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब घालून, प्रसंगी शस्त्रक्रिया करून, उरलेली राखायची एवढेच हाती असते. त्याचा आजार बराच पुढे गेलेला होता.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तो अभियंत्याला म्हणाला, “तुझ्या गाडीसारखंच झालं. आता कुठं काय बघायचं ते ठरवून निघावं लागंल.”

पुढील काही वर्षे आम्ही खरोखरच ठरवून निघालो. विजेची ती जुनी मोटार दरम्यान विकली गेली होती. आम्ही भाड्याच्या गाडीने जाऊ लागलो, त्यामुळे नांदेड जिल्हाही कक्षेत आला. कंधारचा राष्ट्रकूटांच्या काळाशी नाते सांगणारा किल्ला पाहिला. त्याच परिसरातील प्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे भग्न अवशेष पाहिले. एवढे मोठे पाऊल, की त्यावरून उरलेला देह मनानेच उभा करावा लागतो. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात गेलो. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये गोदाकाठच्या या गावी निवर्तले आणि महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात येथील वास्तू उभारविली. लंगरमध्ये जेवून आम्ही कीर्तन ऐकत बसलो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही गेलो. तेथे लाल कंधारी बैलांच्या पाठीच्या रंगाला मराठीत नेमका कोणता शब्द आहे, यावर चित्रकाराने माझ्याशी वाद घातला. तांबडा म्हणजे कोणता तांबडा? विटेचा, कुंकवाचा, की पिकल्या मिरचीचा?

मित्रहो, येथे आपल्या अभ्यासाचा विषय येतो. त्याची दृष्टी जसजशी आकसत गेली, तसतसा तो मला विचारू लागला, “काय दिसायलंय?” प्रारंभी मी उत्तर देई, “फार सुंदर मूर्ती आहे.” त्यावर तो हसून म्हणे, “मास्तर, सुंदर आहे हे मला ठाऊक आहे. कुरूप बाई घडवायला कारागिरानं एवढा दगड फोडला असता काय? कंबर कुणीकडं कलली ते सांग.”

“उजवीकडे.”

“तिच्या उजवीकडं की तुझ्या?”

इतकी वर्षे वर्गात मी निबंधांच्या वह्या तपासल्या. ‘निसर्गरम्य’, ‘मनोहर’, ‘विलोभनीय’ या शब्दांवर मी कधी लाल रेघ ओढली नव्हती, कारण त्यांत अशुद्ध असे काही नव्हते. परंतु ज्याला दिसत नाही अशा माणसासमोर हे शब्द उच्चारून पाहा. ते बोलणाऱ्याला झालेला आनंद सांगतात. वस्तूविषयी काहीच सांगत नाहीत. उलट ‘डाव्या पायावर भार आहे, उजवी टाच उचललेली आहे’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याचा स्वतःचा पाय नकळत हलतो. ज्या नांदेडात नरहर कुरुंदकरांनी (१९३२–१९८२) महाविद्यालयात अध्यापन केले आणि साहित्य व सौंदर्य यांची चिकित्सा करीत एका पिढीला विचार करायला शिकविले, त्या नांदेडच्या वाटेवर वर्णन म्हणजे काय याचा हा धडा मला मिळाला. माझे शब्दभांडार त्या काळात वाढले ते कोशातून नव्हे. कोपर, मनगट, घोटा, पोटरी, खांदा हे साधे शब्द मी पूर्वी कधी इतक्या काळजीने वापरले नव्हते.

सारे काही गोड होते असे मात्र समजू नका. एकदा अभियंता स्पष्टच म्हणाला, “त्याला दिसत नाही, पायऱ्यांवर तोल जातो, घरचे काळजी करतात. मग त्याला उन्हातान्हात न्यायचं कशासाठी? आपल्या समाधानासाठी?” प्रश्न कठोर होता, पण अप्रामाणिक नव्हता. चित्रकाराच्या मुलानेही दूरध्वनीवरून मला नम्रपणे हेच विचारले होते. आम्ही चौघांनी त्यावर एक संध्याकाळ काढली. अखेर ज्याच्याविषयी बोलणे चालले होते तोच बोलला. “घरी बसून मला दिसणार आहे काय? तिथं गेलं की निदान दगड गार आहे की तापलाय ते कळतं. आणि तुम्ही भांडत भांडत सांगता, त्यातून मला दिसतं. तुम्हांला सांगायचा कंटाळा आला असंल तर तसं बोला.” कोणालाच कंटाळा आलेला नव्हता. अभियंत्याने एकच अट घातली : चढण-उतरणीच्या जागी त्याने आपला हात धरायचा आणि मानापमान गाडीत ठेवून यायचे. ती अट मान्य झाली.

मागील हिवाळ्यात आम्ही देगलूरजवळच्या होट्टलला गेलो. अभियंत्याच्या मुलीने घेतलेली विजेची नवी गाडी होती. लातूरहून अहमदपूर, लोहा या वाटेने नांदेडला आलो, तेव्हा बॅटरीत निम्म्याहून अधिक वीज शिल्लक होती. एकेकाळी जे नांदेड आमच्या पल्ल्याबाहेर होते, तेथे आम्ही वीज भरायला वाटेत कुठेही न थांबताच पोहोचलो होतो. अभियंता पडद्यावरील आकडे पुन्हापुन्हा वाचून दाखवीत होता. त्याच्या आवाजात अभिमान होता आणि थोडी हुरहुरही होती. यंत्राचा पल्ला पंधरा वर्षांत कितीतरी वाढला होता. आमचा उलट्या दिशेने चालला होता : एकाचे गुडघे, एकाचे हृदय, एकाचे डोळे.

होट्टल ही कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मंदिरांची जागा. सिद्धेश्वराच्या मंदिराच्या बाह्य भिंतीवर सुरसुंदरींची रांग आहे. सकाळची वेळ होती. चित्रकाराला एका घडीच्या खुर्चीवर बसवले, मांडीवर फळी दिली, कागद चिमट्यांनी लावला. त्याला आता समोर उजेड आणि सावली एवढेच कळते. मी एका मूर्तीसमोर उभा राहून सांगू लागलो. भार कोणत्या पायावर, मान किती कलली, केसांचा अंबाडा कोणत्या बाजूला, हार छातीवरून कसा वळतो. तो मध्येच थांबवी. “सावली नाकाच्या कोणत्या अंगाला पडली?” मी सांगे. कोळशाची कांडी हळूहळू सरके. डाव्या हाताचे बोट कागदावर टेकवून तो जागा राखून ठेवी.

एक तास गेला असेल. डावा हात कोपरापासून तुटलेला आहे, असे मी सांगितले. नांदेडचा मित्र शेजारीच उभा होता. तो म्हणाला, त्या हातात बहुधा आरसा असावा, बाकीच्या मूर्तींवरून अंदाज येतो, तसा काढ. चित्रकाराने मान हलवली नाही. कांडी कोपरापाशी थांबवली आणि उचलली.

“मास्तरनं जेवढं बघितलं तेवढंच काढायचं,” तो म्हणाला. “पुढचं सांग. पैंजण आहेत काय पायात?”

मी खाली वाकून पाहू लागलो.