डॉ. रखमाबाईंस, पांढऱ्या लुगड्याविषयी

आदरणीय रखमाबाई,


तुमची गोष्ट सांगणारे ती कुठे आणून संपवतात, हे मी अलीकडे लक्ष देऊन ऐकते. बहुतेक जण १८८७ च्या मार्चमध्ये थांबतात. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा. आणि बावीस वर्षांच्या तुम्ही तुरुंगाची तयारी दाखवलीत. इथे टाळ्या पडतात. जरा दमाचे लोक १८९४ पर्यंत येतात. लंडनला शिकून तुम्ही डॉक्टर झालात, परत आलात, पुढे सुरतेत बायकांचा दवाखाना सांभाळलात. पुन्हा टाळ्या. २०१६ मध्ये अनंत महादेवन यांनी तुमच्यावर चित्रपट केला, त्याच्या पुढच्या वर्षी गूगलने तुमच्या वाढदिवशी तुमचं चित्र झळकवलं. १९०४ पर्यंत मात्र फारसं कुणी पोचत नाही.

त्या वर्षी दादाजी भिकाजी वारले, आणि तुम्ही विधवेचं पांढरं लुगडं नेसायला लागलात.

हे पत्र त्या लुगड्याविषयी आहे. भल्याभल्यांची बोलती तिथे बंद होते. एका पक्षाला ते सापडलं की उकळ्या फुटतात: बघा, कोर्टकचेऱ्या केल्या, साऱ्या मुलखात बोभाटा केला, पण शेवटी पस्तावलीच, कुंकवाचं मोल कळलं. दुसऱ्या पक्षाची, म्हणजे माझ्याच माणसांची, पंचाईत होते. ते ‘काळाचा पगडा’ वगैरे पुटपुटतात आणि पुढच्या सालावर उडी मारतात. वरून पाहता ही माणसं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण धरून चालतात ते एकच, की ज्याने ठामपणे नकार दिला त्याने मागाहून हळहळायचं नसतं. हळहळला तर नकार चुकला. मला हे अजिबात पटत नाही. आणि तुम्हालाही ते पटलं नसतं असं मानायला तुम्हीच जागा करून ठेवली आहे.

तुमचं लग्न लागलं तेव्हा तुम्ही अकरा वर्षांच्या होतात, दादाजी एकोणीस. तुमची आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी तुम्हाला सासरी न धाडता घरीच ठेवलं. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, वनस्पतिशास्त्राचा त्यांचा व्यासंग मोठा. त्या घरात तुम्ही पुस्तकं वाचत मोठ्या झालात. तिकडे दादाजींचं शिक्षण सुटलं, प्रकृती ढासळली, मामाच्या आधाराने दिवस निघू लागले. १८८४ मध्ये त्यांनी दावा लावला: बायको माझी आहे, ती माझ्या ताब्यात द्या.

आता या दाव्याची एक गंमत सांगते, म्हणजे तुम्हाला ती माहीत होतीच, पण आमच्यात अजून पुष्कळांना नाही. बायकोला कोर्टामार्फत ओढून आणायचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून इथे आला. आणि ज्या १८८४ मध्ये तो तुमच्यावर लागला, त्याच वर्षी खुद्द इंग्लंडने त्यातली तुरुंगाची शिक्षा काढून टाकली. धर्म बुडाला म्हणून जे ओरडत होते ते परक्यांच्या धर्मपीठाचा टाकून दिलेला दंडुका हातात घेऊन ओरडत होते. न्यायमूर्ती पिन्ही यांना हे दिसलं. सप्टेंबर १८८५ मध्ये त्यांनी तुमच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल ऐकायला सखाराम अर्जुन नव्हते. ते एप्रिलमध्येच गेले होते. मग अपील झालं, प्रकरण परत खाली आलं आणि फॅरनसाहेबांपुढे गेलं.

त्या आठवड्याचाच विचार करा. २६ फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. सगळीकडे हळहळ. ४ मार्चला तुमच्याविरुद्ध निकाल लागला, आणि टिळकांचा ‘केसरी’ तुमच्यावर तुटून पडलेला. नवऱ्याच्या इच्छेने डॉक्टर झालेली मुलगी सगळ्यांची लेक ठरली. नवऱ्याकडे जायचं नाकारणारी, जी पुढे डॉक्टरच होणार होती, ती धर्मबुडवी ठरली. आनंदीबाईंच्या आठवणीला उणेपणा आणायचा नाही मला. पण त्या काळी कुठल्या बाईसाठी रडायची मुभा होती, ते या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं.

१८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावायचा हट्ट सोडला. एवढंच. काही मोडलं नाही, काही सुटलं नाही. तुम्ही १८८९ ला बोटीवर चढलात. मुंबईत हुकूम नुसताच पडून राहिला, आणि लग्नही.

म्हणून १९०४ चं लुगडं वाटतं तितकं अचानक नाही. आणि ते तुमच्यावर कुणी लादलेलंही नसावं, असं मी म्हणते ते याच्यामुळे: तुमच्या सुतार समाजात विधवेला दुसरं लग्न करता येत होतं. तुमच्या आईनेच ते केलं. पहिला नवरा गेल्यावर ती डॉक्टर सखाराम अर्जुनांच्या घरी आली, आणि तुम्ही वाढलात ते त्या घरात. वैधव्य म्हणजे जन्मठेप नव्हे हे शिकायला तुम्हाला सुधारकांची व्याख्यानं ऐकावी लागली नव्हती. तरीही चाळिशीला टेकलेल्या, स्वतःच्या कमाईच्या, कुणाच्या एका पैशाच्या मिंध्या नसलेल्या डॉक्टरीणबाईंनी पांढरं लुगडं घेतलं.

का घेतलं? तुमच्या चरित्रकारांनी प्रसंग नोंदवला आहे, कारण नाही. मग प्रत्येक जण आपापलं कारण भरतो. एक साधं, व्यवहारी उत्तर असं, की सुरतेत तुमच्या दवाखान्यात पडद्यातल्या बायका येत. नवऱ्याविना राहणारी, कुंकू लावणारी डॉक्टरीण म्हणजे त्यांच्या घरच्यांना कोडं. विधवा डॉक्टरीण समजायला सोपी. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचायला तेवढं पुरत असेल. हे उत्तर मला आवडतं कारण त्यात तुम्ही हुशार दिसता. पण आवडतं म्हणून ते खरं धरायची मला भीती वाटते. शूर माणसाचा प्रत्येक हळवा क्षण डावपेच ठरवून टाकायची आम्हाला सवय लागली आहे.

दुसरं उत्तर दादाजींकडे जातं. एकोणीस वर्षांच्या मुलालाही कुणी विचारलं नव्हतं. त्याने पुढे जे केलं त्याची बाजू मी घेणार नाही. दावा त्याने लावला, तुमची बदनामी करणारी पत्रिका छापली, तुम्हाला तिला छापील उत्तर द्यावं लागलं. तरी बोहल्यावर उभं केलेला तोही एक पोरगाच होता, आणि तो आजारी, अपयशी माणूस म्हणून मेला. त्याच्यासाठी तुम्हाला वाईट वाटलं असेल तर त्यात तुमच्या खटल्याचा एक शब्दही मागे घेतला जात नाही.

पण मला सर्वांत पटतं ते तिसरं. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने तुम्ही जी पत्रं लिहिलीत, त्यातच तुम्ही म्हटलं होतं की बालविवाहाने माझ्या आयुष्यातलं सुख नासवलं, माझ्या आणि शिक्षणाच्या मध्ये हा विवाह उभा राहिला. निकाल लागायच्या आधीचं आहे हे. म्हणजे जिंकले तर सगळं भरून येईल असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात. तुम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतं की काहीतरी गेलं आहे आणि ते परत येणार नाही. अकराव्या वर्षी गळ्यात पडलेली गोष्ट चाळिसाव्या वर्षी संपली. नांदायला न जाताही तिने तुमची ऐन उमेदीची वर्षं खाल्ली. तिचं सुतक पाळायचा हक्क तुमच्याइतका कुणाला?

तुम्ही डॉक्टर, म्हणून खंतीविषयीचा एक प्रयोग सांगते. तुमच्या पश्चात पन्नासएक वर्षांनी झालेला. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. माणसांपुढे पैशांची दोन चक्रं ठेवायची, एक निवडायला सांगायचं, आणि मग न निवडलेल्या चक्रावर काय लागलं असतं तेही दाखवायचं. सामान्य माणूस स्वतःला पैसे मिळाले तरी शेजारच्या चक्रावर जास्त होते हे दिसलं की खट्टू होतो, आणि पुढच्या खेपांना त्यातून शिकतो. मेंदूच्या पुढच्या भागाला, डोळ्यांच्या खोबणीच्या वर, इजा झालेल्या रुग्णांना मात्र असं काही झालं नाही. मिळाल्याचा आनंद त्यांना होता, हरल्याचं वाईट वाटत होतं. पण ‘तिकडे गेलो असतो तर’ हा विचार त्यांना टोचत नव्हता. आणि ते शिकतही नव्हते, त्याच त्याच वाईट निवडी करत राहिले. तेव्हा भूतकाळातल्या निवडींची खंत खरोखरच नसलेली माणसं असतात. ती दवाखान्यात सापडतात.

बाकीचे आम्ही, खंत नाही असं नुसतं म्हणतो. दिवाळी अंकांतल्या मुलाखतींच्या शेवटी ‘कशाची खंत वाटते का’ हा प्रश्न ठरलेलाच असतो, आणि उत्तरही: मागे वळून पाहताना कशाचीच खंत वाटत नाही. नट म्हणतात, उद्योगपती म्हणतात, निवृत्त सनदी अधिकारी म्हणतात. मला वाटतं पुष्कळदा ते लबाडीने बोलत नाहीत. खंत आहे म्हटलं की समोरचा लगेच विचारणार, मग तसं केलंतच कशाला? त्यापेक्षा दार लावून घेतलेलं बरं. मी कुणाचं दार वाजवायला जाणार नाही.

बायकांच्या वाट्याला मात्र हा प्रश्न मुलाखतीशिवायही येतो. घटस्फोट घेतलेलीला, मूल नको म्हटलेलीला, नोकरीसाठी गाव सोडलेलीला तो लग्नाच्या पंगतीत विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात. तिने ‘मी मजेत आहे’ म्हटलं तर ती निगरगट्ट. कधी एकटं वाटतं म्हणाली तर ‘बघ, आम्ही सांगत होतो’. घटस्फोटित नवऱ्याच्या तेराव्याला जाऊन ती चार टिपं गाळून आली, तर पुढचं वर्षभर त्या टिपांचा अर्थ लावणारे भेटतात. म्हणून आमच्याकडच्या कितीतरी जणी मन घट्ट करून फिरतात, दुःख झालंच तर ते कोपऱ्यात उरकतात. बाहेर दिसलं की ते पुरावा म्हणून वापरलं जाणार हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना तुमच्या १८८७ चं धैर्य सांगणारे खूप आहेत. १९०४ कुणी सांगत नाही, आणि त्याची गरज जास्त आहे.

पस्तावलात म्हणणाऱ्यांना मी एकच गोष्ट विचारते. १९०४ नंतर तुम्ही काय केलंत? सुरत, मग राजकोट, निवृत्तीपर्यंत डॉक्टरी. दुसरं लग्न नाही. आणि १९२९ मध्ये, पांढरं लुगडं अंगावर घेऊन पंचवीस वर्षं झाल्यावर, तुम्ही पडदापद्धत बंद करा म्हणून पुस्तिका लिहिलीत, तरुण विधवांना समाजाच्या कामापासून दूर ठेवलं जातं म्हणून लिहिलंत. पस्तावलेलं माणूस असं लिहीत नाही. दुःख पाहिलेलं लिहितं.

खंत वाटते का, हे ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना मात्र कुणी विचारलं नाही. निकाल देणाऱ्यांना नाही, अग्रलेख लिहिणाऱ्यांना नाही. कायद्याला तर नाहीच. ज्या दाव्याने तुम्हाला छळलं त्याला इंग्लंडने १९७० मध्ये मूठमाती दिली. आपल्याकडे तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये बसून आहे. आंध्र प्रदेश हायकोर्टाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवून टाकलं. आता तुरुंग नाही, हुकूम मोडला तर मालमत्तेवर टाच येऊ शकते, आणि हे कलम नवराबायको दोघांनाही सारखंच उघडं आहे, असं त्याचं समर्थन होतं.

तो कायदा १८ मे १९५५ ला लागू झाला. तुम्ही त्याच वर्षी २५ सप्टेंबरला गेलात, नव्वद वर्षांच्या होऊन. मधल्या चार महिन्यांत एखादा वार्ताहर, एखादा वकील, संसदेतला एखादा सभासद तुमच्याकडे आला होता का, की बाई, हे कलम ९ आम्ही ठेवलंय, तुमचं काय म्हणणं आहे?

आपली,
मुंबईची एक वाचक